मिस्त्रीचा कान

“चूक माझीच, मिस्त्री. कुठंतरी खडकाला घासली असणार,” मास्तर म्हणाले. त्यांची शिडाची होडी टेकूंवर चढवून ठेवली होती आणि तिच्या फायबरच्या तळाला फोड आले होते. मिस्त्रीनं एक फोडला तर आंबूस वासाचं पाणी ओघळलं. “तुम्ही एवढी तपासून दिलेली. आम्हालाच सांभाळता आली नाही.”

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तळावर घासल्याची रेघसुद्धा नव्हती. पाणी जुनंच होतं, गेल्या वर्षी त्यानं होडी पास केली तेव्हाचं.

तपासणी म्हणजे हातोडीनं तळावर ठोकत जायचं. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत पाणी मुरलंय. मग तो भाग तासायचा, सुकवायचा, नवं कापड आणि रेझिन चढवायचं. त्याच्या कानाचा धक्क्यावर दरारा होता. पण हल्ली त्याला सगळं सारखंच ऐकू यायचं. घरी टीव्ही एवढा मोठा लागायचा, की शेजारी फुकटात बातम्या ऐकायचे. धक्क्यावर मात्र तो ठोकायचा, मान डोलवायचा आणि ‘ठणठणीत’ म्हणून मोकळा व्हायचा.

“आता कुठंकुठं तासायचं?” मास्तरांनी विचारलं.

त्यानं हातोडी उचलली. ठोकली, परत ठोकली. मास्तर विश्वासानं त्याच्या तोंडाकडे बघत होते. डबा घेऊन आलेली मिस्त्रीची बायकोही बाजूला उभी राहून बघत होती, आणि तिला सगळं ठाऊक होतं. त्याचा हात खाली आला.

“मास्तर, खडकबिडक काही नाही. मला आवाजातला फरक कळत नाही. गेल्या वर्षीही कळत नव्हता. मी तशीच दिली तुम्हाला.”

मास्तरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

“नातीला घेऊन जायचो हो मी हिच्यातून,” ते म्हणाले. “तिला पोहता येत नाही.”

मिस्त्रीनं मान खाली घातली, ती वर करायची लाज वाटली.

बायकोनं डबा टेकूवर ठेवला आणि त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली.

“तुम्ही खडू घ्या,” ती म्हणाली.

ती ठोकत निघाली. तो गुडघ्यांवर तिच्या मागं सरकत होता. मास्तर गेले नाहीत. ती “इथं” म्हणेल तिथं तो गोल काढत होता. ती “इथं, इथं” म्हणत राहिली, आणि तळावर कोरी जागा फारशी उरली नाही.