गार ज्योत

"पाय हलवू नका हो मास्तर, गुदगुल्या करत नाहीये मी," ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टर म्हणाल्या.

"मी कुठं हलवतोय? पायच घाबरलाय," शिंपीमास्तर म्हणाले.

त्यांच्या अंगठ्याखालची जखम काही केल्या भरत नव्हती. औषधांना दाद न देणारे जंतू तिथं ठाण मांडून बसले होते. आता थंड प्लाझ्माचा, म्हणजे विजेनं चेतवलेल्या वायूच्या गार ज्योतीचा, उपचार चालू होता. यानंही गुण आला नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. शिलाई मशीन चालायची ती त्याच पायावर.

सिस्टरनी यंत्राची पेनासारखी नळी उचलली आणि थबकल्या. जखम तेलकट चकाकत होती.

"मलम लावलंत?"

मास्तर सोबत आलेल्या बायकोकडे, काकूंकडे, बघू लागले. काकूंनी मान खाली घातली.

"मीच लावते. रोज निघताना. मग वरवर पुसते, तुम्हाला कळू नये म्हणून; आज घाईत राहिलं. ज्योत ती ज्योत, सिस्टर. भाजलं म्हणजे?"

"अगं, भाजतं का ते मला विचारायचंस तरी!"

"तुम्ही इस्त्रीचा चटका बसला तरी काही नाही म्हणता!"

सिस्टर हसल्या. बटण दाबून त्यांनी नळीतून निघालेल्या जांभळ्या ज्योतीत स्वतःचं बोट धरलं, मग काकूंचं.

"अगंबाई! फुंकर घातल्यासारखी आहे की."

"वायूत वीज सोडली की त्याचे कण चेकाळतात, हवेतल्या ऑक्सिजनलाही चेतवतात. सगळे मिळून जंतूवर तुटून पडतात, त्याचं आवरण फोडून आत शिरतात. आपलं अंग तेवढं सोसतं, जंतूला नाही झेपत. पण मधे मलम असलं, तर सगळी मारामारी मलमाशीच."

"म्हणजे मी जंतूंनाच पांघरूण घालत होते!" काकू म्हणाल्या. "यांचा अंगठा गेला असता माझ्यापायी."

"गेला नाहीये अजून," सिस्टर हळूच म्हणाल्या. त्यांनी जखम स्वच्छ धुतली, कोरडी केली, मनात देवाचं नाव घेतलं आणि ज्योत लावली.

पुढच्या खेपांना जखमेचा वास गेला. कडा गुलाबी झाल्या, आत नवं मांस धरू लागलं. एके सकाळी डॉक्टरांनी वाकून, नीट निरखून पाहिलं.

"कापायचं काही कारण उरलं नाही."

मास्तर टेबलावरून उतरले. काकूंनी सवयीनं आधाराला हात पुढं केला. तो न धरता ते जरा लंगडत, एकटेच दारापर्यंत गेले. तिथं थांबून त्यांनी दार उघडून धरलं, काकू बाहेर पडेपर्यंत.