मुळाखालची करवंटी

मित्रांनो, मी एक जुनी करवंटी आहे. खरे सांगायचे तर आता दोन तुकड्यांत आहे. पण हळहळू नका. माझे फुटणे हीच माझ्या आयुष्यातली सर्वांत आनंदाची गोष्ट आहे! तिथवर येतेच.

माझा जन्म बांगलादेशातल्या बरिशालकडच्या एका अंगणातला. खोबरे खाऊन झाल्यावर घरधनी मोतालेबने मला होडीत टाकले. तळाशी साचलेले पाणी उपसायचे, एवढेच माझे काम. आमची शेते अर्धे वर्ष पाण्याखाली, म्हणून लोक जलपर्णीचे थर रचून पाण्यावर तरंगते वाफे करतात. बायकांनी घरी बसून मोड आलेले बी शेवाळ आणि काथ्याच्या गोळ्यात गुंडाळायचे. गोळे वाफ्यावर मांडायचे आणि रोपे उचलायची ती पुरुषांनी, अशी रीत. वाफ्यावर बाई गेलेली कुणी पाहिली नव्हती.

मोतालेब मनाने उमदा, हाताने घिसाडघाईचा. गोळ्याखाली पाण्यात उतरलेली पांढरी मुळे त्याला दिसतच नसत. भोपळ्याच्या रोपाची मान धरायची आणि खस्सकन ओढायची! मुळे तटातट तुटत. मला काळीज नाही, तरी ते तुटे.

आमची सगळी रोपे पलीकडच्या काठावरचे नीरोद मंडल घेत. एका वर्षी ते भर बाजारात म्हणाले, "मोतालेब भाई, तुमची रोपं दोन दिवसांत माना टाकतात. आता शेवटची दहा घेतो. जगली तर ठीक, नाहीतर तुमची होडी माझ्या घाटाला लावू नका."

दोन वाफे रोपांनी भरलेले आणि दुसरे गिऱ्हाईक नाही. मोतालेबने घरी येऊन आधी बियाण्याच्या नावाने बोटे मोडली, मग बायकोला, कोहिनूरला, ऐकू जाईल असे पुटपुटला की गोळेच कच्चे असतील.

कोहिनूरने हातातला गोळा खाली ठेवला. "उद्या मी येते वाफ्यावर. बघू कोण कच्चं आहे ते."

"लोक हसतील."

"मेलेल्या रोपांसाठी रडायला येतात का ते?"

सकाळी ती होडीच्या काठावर पालथी पडली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून मुळे चाचपू लागली. मुळे वाफ्यात चांगलीच गुंतली होती. तिने इकडेतिकडे पाहिले आणि मला उचलले! मला पाण्यात बुडवून गोळ्याखाली सरकवले, दुसऱ्या हाताने भोवतीची कुजकी जलपर्णी हलकेच मोकळी केली, आणि गोळा आपल्या सगळ्या मुळांसकट तरंगत माझ्या पोटात आला. पाण्यात वाढलेल्या मुळाला वाराही सोसत नाही, म्हणून तिने मला पाण्यातूनच भरलेल्या घमेल्यात रिकामे केले. दहा वेळा! पलीकडे नीरोदबाबूंच्या शेतात तर तिने पाणी, मुळे आणि गोळा एकदमच खड्ड्यात ओतले. जागा बदलल्याचे रोपाला कळलेसुद्धा नसेल. मोतालेब दिवसभर वल्हे मारत होता.

तिसऱ्या दिवशी नीरोदबाबू स्वतः आमच्या घाटावर आले. मोतालेबच्या तोंडचे पाणी पळाले. ते मात्र कोहिनूरकडे वळले. "भाबी, दहाच्या दहा ताठ उभी आहेत. दोन्ही वाफे माझे. पण रोपं उचलायची तुम्ही."

मला तर नाचावेसे वाटले! त्या हंगामापासून शेजारच्या बायकाही आपापल्या करवंट्या घेऊन वाफ्यांवर जाऊ लागल्या, आणि हसणारे लोक त्यांची होडी हाकू लागले.

पुढे प्लास्टिकचे पेले आले. मला तडा गेला आणि मी ओट्याच्या कोपऱ्यात पडून राहिले. कुणी विचारीना, तेव्हा वाईट वाटले. मग एकदा कोहिनूरने उरलेला एक गोळा माझ्यात ठेवला. त्याची मुळे माझ्या तड्यातून आरपार बाहेर आली. रोप लावायला मोतालेब आला. सवयीने त्याची बोटे रोपाच्या मानेकडे गेली. मी धास्तावले! पण बोटे थबकली आणि मागे आली. त्याने कोयता उलटा धरला.

"करवंटी फुटेल," कोहिनूर म्हणाली.

"फुटू दे. मूळ तुटायला नको."

त्याने हलकेच टिचकी मारल्यासारखा घाव घातला आणि मी दोन झाले. माझ्या तुकड्यांसकटच त्याने ते रोप मातीत लावले.

मित्रांनो, कुणालाही नव्या जागी न्यायचे असेल, मग ते रोप असो की वर्गात नव्याने आलेली मुलगी, मान धरून ओढू नका. खालून हात द्या. मी आता त्याच वेलाखाली मातीत आहे, आणि या क्षणी एक बारीक मूळ मला गुदगुल्या करत खाली निघाले आहे!