दिल्ली पाहायला

मुखरू रामटेके मास्तरांनी लोखंडी खांबाला पाठ लावली आणि दोन्ही हात मागे नेले. बोटं बोटांना लागायला वीतभर कमी पडत होतं. भोवतीचे शिक्षक हसत होते. खांबाला असा मागून विळखा घालता आला की मनातलं मिळतं, असं गाइडने मघाशीच सांगितलं होतं.

"अजून मागं न्या, मास्तर," रुखमाबाई म्हणाल्या. "जोर लावा थोडा."

"नाई पुरत, बाई."

"अन् पुरले असते तं का मागतलं असतं?"

मास्तर कोटाची बाही झटकत बाजूला झाले. "लोखंडाले का मागाचं, बाई? आपल्या सूरजागडाच्या पहाडात असं किती पडलं हाय. कधी कोनाले काई देल्लं का त्यानं?"

रुखमाबाईंनी मान डोलावली. त्यांची सून कांता मात्र कुतुबमिनारचं टोक पाहण्यात गुंतल्यासारखी दुसरीकडे वळली. सकाळपासून हेच चाललं होतं.

शिक्षकांचं अधिवेशन काल संपलं होतं. कुरखेड्याकडची बाराजणं आज दिवसभर बसने दिल्ली पाहणार होती आणि संध्याकाळच्या गाडीने परतणार होती. रुखमाबाई नागपूरच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या, तिथेही गेल्या त्या दीक्षाभूमीपुरत्या. ऐन डिसेंबरात, धान खळ्यावर पडलेलं असताना, "मले दिल्ली पाहाची हाय," म्हणून त्या हटून बसल्या, तेव्हा कांताला नवल वाटलं होतं. पण नाही म्हणणं तिला जमलं नाही. लग्नाला दीड वर्ष होतं न होतं तोच तिचा नवरा खुशाल हिवतापाने गेला. त्यानंतर ह्याच बाईने तिला हाताला धरून गडचिरोलीला डी.एड.ला घातलं होतं. सहा वर्षं घरात दोघीच होत्या.

सकाळी बस संसद भवनापाशी थांबली. आवारातला बाबासाहेबांचा पुतळा कठड्याबाहेरून दिसत होता. रुखमाबाई हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. परत वळताना त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. कांता वाकणार तोच त्यांनी हाक मारली,

"मास्तर, पाहा बरं हे."

आणि मास्तर भर रस्त्यात उकिडवे बसले. कोणाकडून तरी पिन मागून घेतली, चप्पल जोडली, स्वतःच्या हाताने दोनदा ओढून पाहिली आणि मग त्यांच्या पायापुढे ठेवली. मुख्याध्यापिका आशाबाई गालात हसल्या. कांताला कुठे पाहावं कळेना. पुढे पाणी आणायला मास्तर, पायरी उतरताना हात द्यायला मास्तर. दोन बहिणींची लग्नं करता करता ह्या माणसाचं स्वतःचं लग्न राहून गेलं होतं, आणि दिवाळीत त्याने कांताला चार ओळींचं पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर द्यायचं होतं. परतीच्या गाडीत, दोघांना बोलायला सवड मिळाली की, नाही म्हणून सांगायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

दुपारी मंडळी हिरवळीवर डबे सोडून बसली. मास्तर चहा सांगायला गेले. रुखमाबाई जरा अंतरावर, उन्हात बसून संत्रं सोलू लागल्या. कांता त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"आई, त्याहिले असं राबवून नोका घेऊ."

"काऊन?"

"लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. मी बी पाहूनच राह्यली."

"तुमी का पाहून राह्यल्या?"

रुखमाबाईंनी फोडीवरची शीर काढून टाकली. "पोरीकडच्या माणसानं पोरगा पाहाचा रायते. तुले बाप नाई, भाऊ नाई. मंग कोन पाहीन?"

कांताचा हात गवतावर होता, तो तिथेच राहिला. ती म्हणाली,

"तुमाले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? एक पुस्तक वापस कराले दर इतवारी सात कोस सायकल हाणत येते का कोनी? तुले तोंडावर इचारलं असतं तं तू नाईच म्हटलं असतं. म्हणून आली. दिल्ली का, पळून जाते?"

"मी त्याहिले नाईच म्हणनार हाव."

"पसंत नाई?"

कांताने पायाजवळचं गवत तोडलं, पुन्हा तोडलं. "तुमी एकट्या कशा राहाल?"

रुखमाबाईंनी अर्धं संत्रं तिच्या ओंजळीत ठेवलं.

"नाई म्हणाचं असन तं बेशक म्हण. पण माह्यं नाव सांगून नोको म्हणू. माह्या पायी तुयं घर राह्यलं, हे ओझं मले नाई उचलनार आता. माह्यं वय झालं."

दूरवर मास्तर चहावाल्याशी हिंदीत काही बोलत होते आणि बोलताना हातवारे करत होते. दोघी तिकडे पाहत राहिल्या.

"मी त्याले इचारलं," रुखमाबाई म्हणाल्या, "राग आला तं का करता मास्तर?"

"का म्हणाले?"

तोंडातून शब्द निघून गेल्यावर कांताने ओठ मिटले. रुखमाबाईंनी ते न पाहिल्यासारखं केलं.

"सायकल पुसतो म्हणे."

कांताला हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलतच राहिले, आणि थोड्या वेळाने ते हसण्याने हलत आहेत की कशाने, हे तिलाही सांगता आलं नसतं. रुखमाबाई उरलेल्या फोडी एकेक करून खात बसल्या.

चहा झाला, ड्रायव्हरने हॉर्न दिला. लाल किल्ला अजून व्हायचा होता. कांता आधी चढून खिडकीशी बसली. रुखमाबाई मागून आल्या, हातातली पिशवी तिच्या शेजारच्या जागेवर ठेवली आणि पुढे निघाल्या.

"आई, इथी बसा नं."

"पुढून चांगलं दिसते," त्या म्हणाल्या आणि आशाबाईंच्या बाजूला जाऊन बसल्या. ती जागा सकाळपासून मास्तरांची होती.

मास्तर सगळ्यात शेवटी चढले. त्यांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं, आणि वरची दांडी धरून उभे राहिले. बस सुरू झाली. रुखमाबाईंनी एकदाही मान वळवली नाही.

कांता खिडकीबाहेर पाहत होती. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली.