चन्नवीरचं पन्हं

टाक ती पुडी चुलीत, गौरम्मा! डोळं काय वटारतीस? नवऱ्याची दारू सुटावी म्हनून वैदूनं दिलीय, व्हय ना? आन् त्याला न सांगता कालवणात घालणार. मी शेजारीण हाय तुझी, सासू न्हवं, तरीबी हात धरीन. बस हितं. आजवर कुनाला सांगितलं न्हाय ते सांगते.

माझा चन्नवीर तू बघितला न्हाईस. तू लगीन होऊन आलीस त्याच्या आदी चार वर्सं गेला. एकोणीस वर्साचा, एकुलता एक. नवरा गेल्यावर गिरणीत राबून वाढवला त्याला. तवा आमी गिरणीतल्या बाया तान्ह्या पोरांला सकाळी मोहरीएवढी अफू चाटवायचो. पोर दिसभर निजायचं आन् आमी कामावर. समद्याच द्यायच्या. त्यात कुनाला पाप वाटलं न्हाय.

तीस सालचा उन्हाळा. गावात रोज मिरवणुका, झेंडे. पोलीस बंदुका घिऊन चौकात हुबे. चन्नवीर म्हनला, "अव्वा, उद्या मीबी जानार." मी पाया पडले त्याच्या, खरंच पडले. ऐकतोय कुटं! आईपरीस झेंडा मोठा झालता मेल्याला. बघ, अजून तोंडात तसंच येतं.

मग मला अक्कल सुचली. तान्हा असताना निजायचा, तसाच उद्या निजंल. तवर मिरवणूक निघून जाईल, पोरगं घरात ऱ्हाईल. वर्साला एक मोहरी, असा हिशोब केला मी अडाणी बाईनं. सकाळी अफू पन्ह्यात कालवली. कडू लागू नये म्हनून गूळ लई घातला. पिऊन हसला. "अव्वा, आज गुळाची ढेपच घातलीस की! अजून हाय का?" मी तांब्यातलं उरलेलंबी वतलं.

निजला. लागला घोरायला. त्याचा दोस्त गुरप्पा दाराशी आला. "चन्नवीरला उठवा की, अव्वा." मी हाकलला त्याला. "माझं लेकरू दमलंय, चालता हो!" आन् पदरानं वारा घालत बसले. लई सुखात बसले गं मी.

घोरनं थांबलं तवा वाटलं, आता शांत झोप लागली.

दुपारी कपाळाला हात लावला तर गार. वैद्य आला, म्हनला ऊन बाधलं. मी व्हय म्हनले. दुसरं काय म्हनू?

त्या दिवशी एकबी बार झाला न्हाय, गौरम्मा. मिरवणुकीला गेलेली समदी पोरं धडधाकट माघारी आली. आमच्या लिंगायतांच्या रितीनं चन्नवीरला सजवलेल्या तिरडीत, विमानात बसवला, ते विमान त्यांनीच खांद्यावर घेतलं. बाया मला म्हनल्या, रड बाई, मोकळी हो. कुनाच्या गळ्यात पडून रडू? मारणारी मीच.