आखूड सोंडेचा

मी हत्ती बोलतोय. उंची अडीच इंच, वजन पावकिलोही नाही. तरी सातवाहनांच्या सैन्यात हत्ती मी एकटाच, त्यामुळे रुबाब होता. हे सैन्य पैठणला नाही, वाळूजला सर्जेरावांच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये मुक्कामाला असतं.

सर्जेरावांनी तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर भाजीवाल्याशी घासाघीस करतात. ह्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीचं युद्ध उकरून काढलं. स्वतः साचे कोरले, गॅलरीत शेगडी मांडून कथील वितळवलं आणि पायदळ, घोडे, राजाचा रथ असं एकेक ओतत गेले. माझ्या वेळेला नेमकी साच्यात हवा अडकली आणि धातू सोंडेच्या टोकापर्यंत उतरलाच नाही. "असू दे, रंगात झाकून जाईल," म्हणाले. नसलेलं टोक रंगात कसं झाकणार? पण मालकाला बोलणार कोण.

लढाई दर रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर. हिरवी चादर म्हणजे मैदान आणि चादरीखालच्या पालथ्या वाट्या म्हणजे डोंगर. सर्जेरावांच्या बायकोला, दीपमालाकाकूंना, त्या दिवशी आमटी चहाच्या कपात वाढावी लागते.

समोर शकांचं सैन्य घेऊन बसते प्रेरणा. ती वेरूळच्या लेण्यांत गाईड आहे. माझा साचा कोरण्याआधी सर्जेराव तिथले हत्ती बघायला गेले आणि देवादिकांचं सोडून हत्तीचा पट्टा कुठून बांधतात ते विचारत बसले, तेव्हाची ही ओळख. ती आपलं सैन्य लाडवाच्या डब्यात, कापसात गुंडाळून आणते.

आता माझी अडचण ऐका. नियम असा, की हत्तीला बाण लागला की फासा टाकायचा. एक पडला तर हत्ती बिथरतो, उलटा फिरतो आणि मागं सहा इंचांत जो येईल त्याला तुडवतो. आणि माझ्यासाठी टाकलेला फासा एकच दाखवतो! सलग पाच रविवार मी आपलेच भालेवाले तुडवले. सर्जेराव पाचही वेळा हरले.

सहाव्या रविवारी त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. "ह्याच्यात आठ भालेवाले निघत्यात," ते म्हणाले. "आज फिरला की शेगडीवर."

माझ्या अंगात रक्त नाही म्हणून ते गोठलं नाही. बाकी सगळं झालं.

शकांचा पहिलाच बाण मला लागला. फासा गडगडत गेला, वाटीच्या डोंगराला आपटला आणि थांबला. एक! मी फिरलो. मागं नेमका राजाचा रथ होता.

"रथ वाचला वाटतं, काका," प्रेरणा म्हणाली. "जाऊ द्या."

पण ज्या माणसानं जन्मभर केसाएवढ्या फरकासाठी माल परत पाठवला, तो जाऊ देईल? त्यांनी स्टीलची पट्टी लावली, चष्मा कपाळावर सारला, पुन्हा बघितलं. "पावणेसहा," ते स्वतःच म्हणाले. "राजा गेला."

मग मला उचलून ते थेट गॅलरीत गेले आणि शेगडी पेटवली.

"अहो, हरलात तुम्ही, अन् तापवता त्याला?" काकू आतून म्हणाल्या.

प्रेरणा मागं धावत आली. "काका, कैलासाच्या अंगणात दोन हत्ती हायत. दोघांच्याबी सोंडा गेल्यात. लोक लई लांबून तिकीट काढून त्यांना बघायला येत्यात. अन् तुम्ही ह्याला वितळवायलात?"

"ते जागचे हलत नायत," सर्जेराव म्हणाले. "हा फिरतो. लई पुळका असंल तर घेऊन जा."

तिनं मला खरंच डब्यात ठेवलं. जीव वाचला, पण झाकण लागताना मला फार वाईट वाटलं. ज्यानं घडवलं त्यानंच नको म्हटलं, हे कापसात गुंडाळूनही बोचतं.

पुढच्या रविवारी मी टेबलाच्या पलीकडून उतरलो, शकांचा हत्ती म्हणून. मनाशी ठरवलं होतं, आज असं लढायचं की सर्जेरावांना पस्तावा झाला पाहिजे. त्यांच्या धनुर्धाऱ्यानं मला बाण मारला. प्रेरणानं फासा टाकला.

एक.

मी फिरलो आणि प्रेरणाचे तिरंदाज तुडवत तिच्या सेनापतीवर जाऊन आदळलो. सहा रविवारांनंतर सर्जेराव जिंकले! त्यांनी मला उचललं आणि आखूड सोंडेवरून अंगठा फिरवला. "लई गुणाचा हत्ती हाय," त्यांचा आवाज जरा ओलाच होता. "व्हय गं, मी ह्याला वितळवणार होतो!"

मी नवीन काहीच केलं नव्हतं. गेल्या रविवारी ज्या कामाला शेगडी पेटली, त्याच कामाचं आज कौतुक चाललं होतं. माणसांचं हे मला अजून कळलेलं नाही.

आता दर रविवारी मला मधे उभं करून दोघं आग्रह करतात.

"काका, आज हत्ती तुमच्याकडं राहू द्या."

"नाय, नाय. तू पाहुणी हायस. तूच घे."

"जेवताना तरी इतका आग्रह करत जा तिला," काकू म्हणतात.

मी ज्याच्या वाट्याला जातो त्याचा चेहरा पडतो. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण मी आल्याशिवाय दोघांपैकी एकही डाव मांडत नाही. तुमच्याकडंही असा एखादा बिनकामाचा असेल, तर शेगडी पेटवण्याआधी त्याला एकदा पलीकडच्या बाजूनं उभा करून बघा, एवढीच विनंती.

बाण लागलाय. फासा खुळखुळतोय. माझ्या मागं जे कुणी उभे असतील, त्यांनी जरा बाजूला व्हावं.