आत उघडणारं दार

मर्ल घरी येणार की नाही, हे आमच्या संडासाच्या जमिनीवर अवलंबून होतं.

माझी बायको मर्ल खुब्याचं हाड मोडल्यापासून बर्नी गावच्या इस्पितळात होती. तिथली लोसा नावाची धिप्पाड बाई, मूळची टोंगा बेटांवरची, आमचं घर बघायला आली; पेशंटला घरी सोडण्याआधी घर तपासायचं तिचं काम. संडासात जमिनीवर चिकटवलेलं जुनं व्हिनाइल कडांना उचकटलेलं बघून म्हणाली, "आजोबा, वॉकर इथे अडकला की आजी पुन्हा खाली. जमीन नीट झाली तर घरी सोडीन. नाहीतर थोडे दिवस वृद्धाश्रम." थोडे म्हणजे किती, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. आमच्या वयात तिथे गेलेलं माणूस परत आलेलं मी पाहिलेलं नाही.

फरशीवाला पुढच्या महिन्याशिवाय मोकळा नव्हता. मग मीच करायचं ठरवलं. जन्मभर शाळेच्या ग्रंथालयात काढलेला माणूस मी, हातोडी धरायची ठाऊक नाही. लॅमिनेटच्या, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांच्या जमिनीबद्दल मिळेल ते वाचलं आणि पुस्तकागणिक माझा धीर थोडा थोडा सुटत गेला. पट्ट्या आधी घरातच आडव्या ठेवायच्या, म्हणजे त्यांना घरची हवा मानवते. भिंतीपाशी करंगळीएवढी फट सोडायची. संडासासारख्या ओल्या जागी प्रत्येक सांध्यात गोंद भरायचा. सगळं तसंच केलं. कमोडभोवतीची गोलाई कापताना किती पट्ट्या वाया गेल्या ते सांगत नाही.

दार फिरतं तेवढ्या जागेतल्या पट्ट्या शेवटी ठेवल्या होत्या. आमचं दार आत उघडतं, त्यामुळे ते लावून घेतल्याशिवाय तिथे बसताच येईना. लावून घेतलं, पट्ट्या ठोकून बसवल्या, सांडलेला गोंद पुसला आणि उभा राहिलो. जमीन देखणी झाली होती. स्वतःच्या कामाबद्दल मी असं सहसा म्हणत नाही.

मग दार ओढलं. ते केसभर हललं आणि थांबलं. पट्ट्यांखाली अंथरलेला फोम आणि वरचं लॅमिनेट मिळून जमीन वर आली होती, आणि दाराची खालची कड नव्या पट्टीला अडली होती. दार आधी खालून तासून घ्यायला हवं होतं. पुस्तकात ते बहुधा पुढच्या प्रकरणात असावं.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. लोसा मर्लला घेऊन जमीन तपासायला येणार होती ती आजच. वॉकरचा आवाज घरात आला.

"अल्? कुठे आहेस?"

"संडासात."

"मग आटप की. लोसा आलीये जमीन बघायला."

"मला बाहेर येता येत नाहीये."

"पोट बिघडलं? मी नाही बघून काय काय हादडलंस?"

मी सगळं सांगितलं. बाहेर मर्लचं हसू फुटलं. "ऐकलंस, लोसा? कोंडायला निघाले होते मला, आणि हा बघ आपणच जाऊन बसला!"

मला हसू येईना. गोंद वाळत चालला होता. "पट्टी उखडतो," मी म्हणालो.

"हात तर लावून बघ! माझी जमीन आहे ती."

"आजोबा," लोसा म्हणाली, "बिजागऱ्या आतून दिसतायत ना? त्यांच्या पिना ठोकून काढा. मी दार खालून उचलते. फावडं आहे का घरात?"

"मागच्या दाराशी आहे, बटाटे खणायचं," मर्ल म्हणाली. "अल्, अंगठा सांभाळ. कालच्यासारखं करू नकोस."

"काल काय झालं ते तुला कसं कळलं?"

"कळलं नाही. पण ओळखते तुला."

पिना जुन्या रंगात रुतल्या होत्या. ठोकून ठोकून एकदाच्या निघाल्या. लोसानं फटीत फावडं घालून दाब दिला, मी ओढलं, आणि दार सगळंच्या सगळं माझ्या अंगावर आलं. ते मांडीवर घेऊन मी कमोडवर बसलो.

मर्लनं वाकून पाहिलं. "केस तरी विंचरायचेस."

लोसानं दार उचलून भिंतीला टेकवलं. इतका वेळ तीही हसत होती, आता नाही. खाली बसून तिनं सांध्यांवरून हात फिरवला. उंबऱ्याशी लावायची उतरती पट्टी मी विकत आणली होती, ती लगेच बसवायला लावली. मग वॉकर आत नेला, बाहेर आणला, पुन्हा नेला. मी भिंतीकडे बघत होतो.

"दार परत लावू नका," ती म्हणाली.

"का?"

"आत उघडतं ना. आजी आत पडून दाराला टेकल्या, तर तुम्ही बाहेरून ढकलणार कसं? मागच्या खेपेला मी नुसती जमीनच बघत बसले." ती उठली. "पडदा लावा. बॅग आणते गाडीतून. आजी राहतात इथेच."

ती गेली. मर्लनं माझ्या गालाला लागलेला गोंद नखानं खरवडला आणि वॉकर घेऊन एकटीच आत गेली. मी घाईनं पाठ फिरवली.

"अल्," तिचा आवाज आला, "अरे, इथून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. समुद्रसुद्धा! इतकी वर्षं उगाच दार लावून बसलो आपण."

"पडद्याला कापड शोधू?"

"काही घाई नाही. आधी चहा ठेव. आणि इकडे बघू नकोस."

मी तिकडे न बघता किटली भरायला गेलो.