वाडगा रिकामा परत द्यायचा नाही

मी बत्ता बोलतोय. खलबत्त्यातला बत्ता. खल माझ्या खाली आहे, पण तो कधी बोलत नाही. त्याला नुसतं पोट आहे. तोंड आहे ते मला, आणि सध्या ते मी खलात खुपसून बसलोय. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल, बत्त्याची जागाच ती. खरंय. पण पूर्वी मी इथे नुसता ठेवलेला असायचो. आता लपून बसलेला असतो.

जन्म पुण्याचा, तांबट आळीतला. ओतीव पितळ. पायावर पडलो तर आठवडाभर माझं नाव काढाल. साधनाच्या आईनं लेकीसाठी आम्हा दोघांना घेतलं आणि बजावलं, "तिकडे सगळं मिळत असेल, पण वेलचीची पूड डब्यातली वापरू नकोस हो." साधनानं आम्हाला हातातल्या बॅगेत घातलं. विमानतळावर एका जवानानं मला बाहेर काढलं, तळहातावर तोलून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, ये क्या है?"

"मसाला कूटने का."

"इससे तो आदमी कुट जाएगा, मॅडम!"

पुन्हा काउंटरवर जाऊन आम्हाला मोठ्या बॅगेत टाकावं लागलं. तिचा नवरा विजयकुमार वाटभर कुरकुरत होता. मला मात्र आपण कुणीतरी आहोत असं वाटून बरं वाटलं. तेव्हाच कुणीतरी कान उपटायला हवे होते.

तर असा मी शारजात आलो. अल मजाजमधली नवव्या मजल्यावरची जागा, ओट्यासमोर खिडकी, खिडकीतून खालिद लगूनचं चिमूटभर पाणी दिसतं. घरात माणसं चार. विजयकुमार दुबईत बांधकाम कंपनीत नोकरीला. साधना घर बघते. शार्दूल आता अकरावीत, इरा सहावीत. पोरांना मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

समोरच्या दारात मैमुनाबी राहायच्या. श्रीवर्धनच्या. त्यांचे यजमान खैरुद्दीनभाई, रास अल खोरला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. आमची खोकी अजून फोडलीही नव्हती तेव्हा त्या वाडगाभर सांदणं घेऊन दारात उभ्या राहिल्या. "नवीन आलात ना गो? चूल लागायला वेळ लागतो. खा आधी." वाडगा चिनी मातीचा, पांढरा, निळ्या काठाचा. त्यांच्या आईनं लग्नात दिलेल्या सहांतला एक.

आता शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे तुम्हाला काय सांगायचं! साधनानं त्यात श्रीखंड भरून दिलं. वेलची मीच कुटली होती. मग तिकडून तांदळाची खीर आली, इकडून पुरणपोळ्या गेल्या, तिकडून ईदचा शीरखुर्मा, इकडून दिवाळीचे अनारसे. दोघी दारात उभ्या राहून "यल्ला, निघते गो" असं म्हणायच्या आणि निघायचं नाव घ्यायच्या नाहीत. वाडगा वर्षानुवर्षं ये-जा करत राहिला. माझे दिवस मजेत चालले होते.

आणि मग वाईट दिवस आले. विजयकुमारच्या कंपनीची कामं थांबली. काही लोकांना घरी पाठवलं, जे राहिले त्यांचा पगार अर्धा केला. विजयकुमार राहिलेल्यांतला. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागेल."

या माणसाला एक गोष्ट जमत नाही. "परवडत नाही" हे त्याच्या तोंडातून निघत नाही. शार्दूलनं बूट मागितले की "बघू." इरानं केक मागितला की "नेक्स्ट वीक, इन्शाल्ला." साधनानं काही विचारलं की मोबाइलमध्ये डोकं. नवरा बोलत नाही म्हणून बायको बोलत नाही, आणि पोरं बिचारी आईबाबांची तोंडं बघून गप्प.

एका संध्याकाळी शार्दूलनं फोनवरून सँडविच मागवायला घेतलं आणि विजयकुमार तडकला. "पंधरा दिरहमचं सँडविच! म्हणजे साडेतीनशे रुपये! अरे, काय चाललंय काय?"

इराच्या शाळेत तेव्हा नागरिकशास्त्रात संसद चालू होती. ती खुर्चीवर उभी राहिली. "बाबा, डोन्ट शाउट. लेट्स व्होट."

झालं! फ्लॅट नऊशे चारचं प्रजासत्ताक स्थापन झालं. चार नागरिक, चार मतं, सभापती इरा. सभापतीला हातोडा हवा, म्हणून तिनं ओट्यावरून मला उचललं. टेबलाला पोचा पडू नये म्हणून खाली घडी घातलेलं फडकं ठेवलं आणि मी पहिला कायदा ठोकला: बाहेरचं खाणं बंद. ठक!

नंतर कायद्यांचा सपाटाच लागला. एसी पंचवीसच्या खाली न्यायचा नाही. ठक! टपरीवरचा करक चहा बंद, घरीच उकळायचा. ठक! मॉलमध्ये जायचं ते गारव्यापुरतं, पिशवी न घेता. ठक! सगळे हसायचे. मीही खूश. इतकी वर्षं वेलच्या कुटल्या, आता राज्य चालवतोय, असं मला वाटायचं. सगळ्यांत सुटला विजयकुमार. त्याला आता कुणाला नाही म्हणावंच लागेना. "माझ्या हातात काय आहे रे? कायदा झालाय," एवढं म्हटलं की भागायचं.

मग एका बैठकीत साधनानं प्रस्ताव आणला. आदल्या दिवशी मैमुनाबींची खीर खाऊन झाली होती आणि वाडगा ओट्यावर होता.

"समोरून सारखं काही ना काही येतं," ती म्हणाली. "आपण परत काय देणार? तूप नाही, काजू नाहीत. पोहे घालून पाठवू त्या वाडग्यातून? शोभतं का? त्यापेक्षा कायदाच करा. कुणाकडचं काही घ्यायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही."

शार्दूल म्हणाला, "आई, जस्ट टेल हर. शी विल अंडरस्टँड."

"काय सांगू? काय सांगू मी?" साधनाचा आवाज चढला. विजयकुमार नखं बघत बसला. "काही सांगायचं नाही," तो पुटपुटला. "कायदा म्हणजे कायदा."

तीन हात वर झाले. शार्दूलचा झाला नाही. ठक! तो माझा आवाज आजही माझ्या कानात आहे.

आता पंचाईत बघा. वाडगा आमच्याकडेच अडकला. भरून द्यावा तर कायदा मोडतो, रिकामा द्यावा तर रीत मोडते. साधनानं तो घासला, पुसला आणि माझ्या शेजारी पालथा घालून ठेवला. येता-जाता तिची नजर त्याच्यावर पडायची आणि ती दुसरीकडे बघायची.

पुढे ईद आली. घरात बैठक चालू असताना बेल वाजली. बाहेर मैमुनाबी असणार हे सगळ्यांना कळलं. साधना स्वयंपाकघरात शिरली आणि इराला खुणेनं म्हणाली, तू सांग. पोर तशीच दाराकडे गेली. मी तिच्या हातातच होतो.

दारात मैमुनाबी, नवी ओढणी, हातात सहांतलाच दुसरा, झाकलेला वाडगा. "ईद मुबारक गो बाय! आई कुठंय?"

इरा म्हणाली, "सॉरी आंटी. वी आर नॉट अलाउड."

"काय गो?"

पोरीनं मराठीत सांगायचा प्रयत्न केला. तिला म्हणायचं होतं, कुणाकडचंच घ्यायचं नाही. तो शब्द तिला सापडला नाही. ती म्हणाली, "तुमच्याकडचं घ्यायचं नाही. आमच्या घरी कायदा झालाय."

मैमुनाबींच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे थांबलं. त्यांनी इराकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं. "बरं, बाय," म्हणाल्या आणि वळल्या. साधनानं आतून सगळं ऐकलं होतं. दोन पावलं टाकली असती, एक हाक मारली असती, तर विषय तिथेच मिटला असता. पण ती ओटा धरून उभीच राहिली. मी पितळेचा, मला पितळ उघडं पडायची भीती नाही. घराचं मात्र त्या दिवशी पडलं.

त्यानंतर समोरचं दार वाजलं की साधना आमच्या दाराआड थांबायची. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला की मगच भाजीला बाहेर पडायची. मैमुनाबींनीही दारात थांबणं सोडलं. प्रजासत्ताकात हसणं बंद झालं. तसा कायदा कुणी केला नव्हता.

मग एका दुपारी मैमुनाबी स्वतः आल्या. शनिवार होता, सगळे घरी. मागे त्यांच्या दारात बांधलेली खोकी दिसत होती.

"आम्ही निघालो, साधना. श्रीवर्धनला. दुकान खलास झालं." आवाज कोरडा होता. "माझा वाडगा तेवढा दे. सहांत एक कमी पडतोय. आणि रिकामाच दे हां, भरू नको. तुमच्या कायद्यात बसायचं नाही."

साधनानं वाडगा आणला. मैमुनाबींनी तो घेतला नाही.

"एक विचारू? इतकी वर्षं खाल्लंत. आता आमच्या घरचं चालेनासं झालं काय? कोणी काही बोललं काय तुम्हाला?" त्यांनी आमच्या चौकटीवर हात ठेवला. "मी ह्यांना म्हटलं, ह्या दारात हिंदू-मुसलमान कधी झालं नव्हतं. ईदच्या दिवशी झालं. घरी जाऊन रडले गो मी."

"अहो, काय बोलताय हे! नाही हो, मैमुनाबी," साधना कशीबशी म्हणाली, "ते... तो कायदा..."

विजयकुमार बाहेर आला. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"परवडत नाही, भाभी."

"काय?"

"मला परवडत नाही. पगार अर्धा झालाय. तुमचं घ्यायचं तर परत काय द्यायचं? लाज वाटली. लाज वाटली म्हणून घ्यायचंच बंद केलं, आणि सांगायची पण लाज वाटली म्हणून पोरीला दारात पाठवलं." एवढं बोलून तो चपलांच्या स्टँडवरच बसला. पोरं बापाकडे बघत राहिली. त्याच्या तोंडून ते शब्द घरात पहिल्यांदाच बाहेर पडले होते.

इरा रडत म्हणाली, "आंटी, आय मेंट कुणाकडचंच! मला तो वर्ड येत नव्हता."

मैमुनाबींनी आधी तिचे डोळे पुसले. मग जो तोंडाचा पट्टा सुटला! "मेल्यांनो! अरे, माझ्या शीरखुर्म्यात काय होतं असं वाटलं तुम्हाला? दूध नि शेवया! दुकान तेव्हापासनंच बुडत होतं. तुमच्यापुढं कमीपणा नको म्हणून वर चार बदाम टाकले, तेपण घरातले शेवटचे. तुम्ही लाजताय, आम्ही लाजतोय, आणि मधल्या मध्ये वाडगा उपाशी! साधने, चिमूटभर साखर तरी टाकायचीस गो. त्याला काय लागतं?"

साधना धावत आत आली. साखरेचा डबा काढला. डब्याच्या तळाला कधीच्या चार वेलच्या होत्या, त्या खलात टाकल्या आणि मला उचललं. कितीतरी दिवसांनी मी ठोकत नव्हतो, कुटत होतो. ती डोळे पुसत होती आणि मला हाणत होती. एक वेलची बाहेर उडाली, ती शार्दूलनं उचलून दिली.

वेलचीची साखर घातलेला वाडगा तिनं दोन्ही हातांनी पुढे केला. मैमुनाबींनी चिमूट तोंडात टाकली. एक इराच्या तोंडात घातली, एक शार्दूलच्या, एक साधनाच्या. विजयकुमार मान वर करीना, त्याची हनुवटी धरून त्याच्याही तोंडात घातली. मग वाडगा साधनाच्या हातात परत ठेवला.

"हा राहू दे इथं. मी पाचच घेऊन जाते. माझं भांडं आहे तुझ्याकडं, विसरू नको. भरून श्रीवर्धनला आणून द्यायचं."

समोर आता दुसरं बिऱ्हाड आहे. त्या संध्याकाळी इरानं कायदा रद्द करायला मला उचललं होतं, तर साधना म्हणाली, "ठोकू नकोस. नुसतं म्हण." तेव्हापासून प्रजासत्ताकाची बैठक भरलेली नाही. पगार अजून अर्धाच आहे. परवा शार्दूलनं बूट मागितले तेव्हा विजयकुमार म्हणाला, "सध्या परवडत नाही रे." शार्दूल म्हणाला, "ओके, बाबा." एवढंच. एवढ्यासाठी आम्ही राज्य उभारलं होतं!

वाडगा माझ्या शेजारी आहे, सरळ ठेवलेला. साधना त्यात चिमूटभर साखर ठेवते. मुंग्या लागल्या की झटकते, नवी घालते. रिकामा मात्र ठेवत नाही. श्रीवर्धनला जायचं यंदा जमणार नाही, तसं तिनं मैमुनाबींना फोनवर सांगूनही टाकलं.

घरातल्या चौघांकडे माझं मागणं एकच आहे. जाल तेव्हा मला आणि खलालाही न्या. हातातल्या बॅगेत नका घालू, अडवतील. श्रीखंड तिथेच करा, वेलची तिथेच मी कुटीन. ईदच्या दिवशी ती बाई वाडगा घेऊन दारात आली, तेव्हा समोर हातात बत्ता घेतलेलं पोर उभं होतं. साखर खाऊन त्यांनी तुम्हा चौघांना माफ केलं. मी आत ओट्यावरच राहिलो होतो, माझी माफी राहून गेली. त्यांच्या ओट्यावर त्यांच्या वाडग्यासाठी वेलची कुटून होऊ द्या, मग मी खलातून तोंड वर काढीन.